स्ट्रिंगमधलं दुबार अक्षर सापडत नाही, किंवा नको तिथे सापडतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमधल्या अक्षरांच्या साखळीत, कोणतं अक्षर पुन्हा आलंय ते शोधायचं, हे काम दिसायला दहा ओळींचं. मुलाखतीत विचारतात, फॉर्म तपासताना लागतं, डेटा साफ करताना लागतं. आणि तरीही कुणाचं ना कुणाचं हे अडलेलं असतंच. माझ्याकडे ही तक्रार इतक्या वेळा येते की आता कोड उघडण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो: तुमच्या लेखी 'अक्षर' म्हणजे काय, आणि 'दुबार' म्हणजे काय? निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. लूप बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो.

आधी लक्षणं. तुमचं कोणतं ते बघा, म्हणजे खालचं सगळं वाचायची गरज पडणार नाही.

- कोणतीही स्ट्रिंग द्या, उत्तर 'दुबार आहे' असंच येतं.
- छोट्या टेस्ट पास होतात, खऱ्या डेटावर आकडे चुकतात.
- पहिलं दुबार अक्षर विचारलं की तुमचं उत्तर एक, अपेक्षित उत्तर दुसरं.
- सलग आलेल्या अक्षरांचे गट मोजताना शेवटचा गट गायब.
- इंग्रजी मजकुरावर चालतं, मराठीवर किंवा इमोजीवर वाट्टेल ते येतं.
- दोन शब्द डोळ्यांना अगदी सारखे, पण एकात अक्षर दुबार निघतं आणि दुसऱ्यात नाही.
- तोच रेजेक्स (मजकुरात नमुना शोधणारा पॅटर्न), तीच स्ट्रिंग. एकदा 'हो', एकदा 'नाही'.
- उत्तर बरोबर येतं, पण मोठ्या फाइलवर प्रोग्राम लटकतो.

आता तपासण्या. सुरुवातीच्या फुकटात होतात, पुढच्यांना वेळ लागतो. मधली गाळून थेट खाली उडी मारू नका. युनिकोडचं, म्हणजे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या मानकाचं, प्रकरण म्हणून दिवस घालवायचा आणि शेवटी ओळीच्या टोकाचा न्यूलाइन निघायचा, हे फार होतं.

१. प्रश्न नक्की कोणता आहे?

'कखखक' ही चार अक्षरांची स्ट्रिंग घ्या. यातलं पहिलं दुबार अक्षर कोणतं? डावीकडून जाताना जे अक्षर पुढे कुठेतरी पुन्हा येणार आहे असं पहिलं म्हणाल, तर क. ज्याची दुसरी हजेरी सगळ्यात आधी लागते ते म्हणाल, तर ख. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण प्रश्न वेगळे. दिसलेली अक्षरं सेटमध्ये (प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या साठ्यात) टाकत एकदाच फिरणारा कोड ख देतो. आधी सगळ्यांची मोजणी करून मग पुन्हा सुरुवातीपासून फिरणारा कोड क देतो. टेस्ट एका अर्थानं लिहिलेली आणि कोड दुसऱ्या अर्थानं, असं असेल तर लूप कितीही उलटापालटा करा, जुळणार नाही.

तसंच 'सलग दुबार' की 'कुठेही दुबार'? 'नमन' मध्ये न दोनदा आहे, पण शेजारीशेजारी नाही. पायथॉनचं ग्रुपबाय आणि युनिक्सची युनिक कमांड, दोन्ही फक्त सलग आलेल्या सारख्या गोष्टी एकत्र करतात. युनिक अर्थात ओळींवर. आधी सॉर्ट केलं नाही तर एकच अक्षर तीन वेगवेगळ्या गटांत दिसतं, आणि लोक ग्रुपबायला दोष देतात.

आणखी एक: रिकामी जागा अक्षर धरायची का? वाक्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं कॅरेक्टर विचारलं तर बहुधा स्पेसच पहिली येते. उत्तर म्हणून काहीच छापलं गेलं नाही असं वाटत असेल, तर खरं म्हणजे स्पेस छापली गेलेली असते.

२. स्ट्रिंग उघडून बघा

ही तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. स्ट्रिंग नुसती प्रिंट करू नका. स्क्रीनवर दिसतं ते फॉन्टनं काढलेलं चित्र असतं. लांबी छापा, आणि एकेका कॅरेक्टरचा कोड छापा. पायथॉनमध्ये आस्की हे फंक्शन इंग्रजीबाहेरचं प्रत्येक कॅरेक्टर कोडच्या रूपात दाखवतं, आणि युनिकोडडेटा मॉड्यूल त्याचं नावही सांगतं. जावास्क्रिप्टमध्ये कोडपॉइंटअ‍ॅट आहे.

लांबी अपेक्षेपेक्षा एकानं जास्त असेल तर संशयित ठरलेले. सीमधलं एफगेट्स ओळीच्या शेवटचा न्यूलाइन बफरमध्ये तसाच ठेवतं. पायथॉनमध्ये फाइल ओळीओळीनं वाचली तरी तो सोबत येतो. विंडोजवर बनलेली फाइल दुसरीकडे उघडली की न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्नही असतो. दोन ओळी जोडून एक स्ट्रिंग केली, की हे अदृश्य कॅरेक्टर दोनदा येतं आणि तुमचा कोड प्रामाणिकपणे 'दुबार सापडलं' म्हणतो. वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण कोड वेगळा. मराठी मजकुरात झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं अदृश्य कॅरेक्टर यू+२००डी, जागोजागी लपलेला सापडतो.

एक सूचना: स्ट्रिंग पासवर्ड असेल तर हे छापणं लॉगमध्ये जाऊ देऊ नका. खोटा पासवर्ड टाकून तपासा.

३. पाच-सहा छोट्या स्ट्रिंग कायमच्या ठेवा

रिकामी स्ट्रिंग. एकाच अक्षराची. सगळी अक्षरं वेगळी. सगळी अक्षरं तीच. पहिलं आणि शेवटचं सारखं, म्हणजे 'नमन'. आणि वरची 'कखखक'. मोठ्या डेटावर डीबग करण्याआधी यांच्यावर कोड चालवा, कारण यातली प्रत्येक स्ट्रिंग एका ठरावीक चुकीला पकडते आणि चूक कुठल्या ओळीत आहे तेही जवळजवळ सांगून टाकते. चौथ्या तपासणीत ते दिसेलच.

४. लूपच्या दोन्ही टोकांना बघा

'नेहमी दुबार' हे लक्षण असेल तर जवळपास नक्की आतला लूप बाहेरच्याच इंडेक्सपासून सुरू होतोय. अक्षराची तुलना स्वतःशीच होते, आणि स्वतःशी तर ते सारखं असणारच. आतला लूप एकानं पुढून सुरू करा. एकाच अक्षराची टेस्ट हे लगेच उघडं पाडते.

शेजारच्या अक्षराशी तुलना करताना पुढच्याकडे बघत असाल तर शेवटच्या अक्षराला पुढचं नसतं. जावा अपवाद फेकून ओरडते, जावास्क्रिप्ट गुपचूप अनडिफाइंड देते. मागच्याकडे बघत असाल तर पायथॉनमध्ये जास्त फसवा प्रकार होतो: पहिल्या अक्षराच्या मागचं म्हणजे उणे एक, आणि उणे एक म्हणजे शेवटचं अक्षर. त्यामुळे 'नमन' मध्ये न-न सलग आले असं उत्तर येतं. ना एरर, ना वॉर्निंग. लूप एकपासून सुरू करा, विषय संपला.

सलग गट मोजताना शेवटचा गट गायब होतो त्याचं कारण साधं आहे. 'कककखखगगगग' मध्ये गट बदलला की तुम्ही आधीचा गट लिहून ठेवता. शेवटच्या ग नंतर काही बदलतच नाही, लूप संपतो, आणि ग चा चारचा गट हातातच राहतो. लूपनंतर एकदा लिहायला हवं. रिकाम्या स्ट्रिंगला मात्र तेव्हा लिहायचं काही नसतं, म्हणून तीही टेस्ट हवी.

फाइंड आणि इंडेक्सऑफ ही फंक्शनं न सापडल्यास उणे एक देतात, आणि अगदी पहिल्या जागी सापडल्यास शून्य. अटीत नुसतं 'सापडलं का' म्हणून त्यांचं उत्तर टाकलं तर सगळं उलटं होतं: शून्य म्हणजे खोटं, उणे एक म्हणजे खरं. 'शून्यापेक्षा मोठं' लिहिलं तर पहिलं अक्षर हरवतं. तुलना उणे एकशीच करा.

दुबार अक्षर नसलेला सगळ्यात लांब तुकडा शोधत असाल, म्हणजे सरकत्या खिडकीचा प्रश्न, तर पुन्हा 'कखखक' चालवा. तिसऱ्या जागी ख दुबार आला की डावी कड त्याच ख वर येते. मग चौथ्या जागी क येतो, नोंदवहीत तो अगदी सुरुवातीला दिसलेला असतो, आणि घाईत लिहिलेला कोड डावी कड मागे नेऊन त्या जुन्या क च्या पुढे ठेवतो. खिडकीत आता 'खखक' आहे आणि उत्तर तीन येतं. खरं उत्तर दोन. डावी कड आहे ती आणि नवीन येईल ती, यातली मोठी घ्या. कड मागे सरकता कामा नये.

५. मोजणी कशात ठेवताय?

छोटं चालतं आणि मोठं बिघडतं, यासाठी ही जागा कुप्रसिद्ध. जावामध्ये हॅशमॅपमध्ये, म्हणजे अक्षर आणि त्याची संख्या जोडीनं ठेवणाऱ्या तक्त्यात, इंटिजर ठेवले आणि दोन मोजण्यांची तुलना == नं केली, तर १२७ पर्यंत सगळं सुरळीत. कारण उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच बनवून ठेवते आणि तेच परत वापरते. १२८ वा आला की दोन वेगळे ऑब्जेक्ट, आणि == किंमत बघत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं. टेस्टमध्ये एखादं अक्षर सव्वाशेपेक्षा जास्त वेळा कोण टाकतं? इक्वल्स वापरा.

क्रमाचंही असंच. 'पहिलं' उत्तर हवं असेल तर मॅपवर फिरून चालत नाही, जोवर तो मॅप क्रम राखण्याची हमी देत नाही. पायथॉनची डिक्शनरी ३.७ पासून देते. जावाचा साधा हॅशमॅप देत नाही, लिंक्डहॅशमॅप देतो. गो भाषेत मॅपवर फिरण्याचा क्रम मुद्दामच बदलता ठेवलाय, म्हणून तिथे उत्तर दर वेळी वेगळं येऊ शकतं. जावास्क्रिप्टचा साधा ऑब्जेक्ट सगळ्यात लबाड: इंग्रजी आकड्यांसारख्या दिसणाऱ्या की (म्हणजे नोंदींची नावं) तो चढत्या क्रमानं पुढे आणून ठेवतो आणि बाकीच्या त्यांच्यानंतर. अक्षरांवर टेस्ट केलेला कोड मोबाइल नंबर किंवा ऑर्डर कोडवर चुकतो तो यामुळे. तिथे मॅप घ्या. किंवा कोणत्याही भाषेत एक सरळ उपाय: मोजणी झाल्यावर मॅपवर न फिरता मूळ स्ट्रिंगवरच पुन्हा फिरा.

सव्वीस खणांचा अ‍ॅरे घेतला असेल तर मोठी लिपी, स्पेस, आकडे आले की इंडेक्स बाहेर जातो. सी आणि सी++ मध्ये कॅरेक्टरचा प्रकार चिन्हासह असू शकतो. तसं असेल तर १२७ च्या पुढचा बाइट उणे होतो आणि अ‍ॅरेच्या आधीची मेमरी बदलली जाते. आधी अनसाइन्डमध्ये बदला, मगच इंडेक्स म्हणून वापरा.

बिटमास्क, म्हणजे एकाच संख्येच्या एकेका बिटावर एकेक अक्षर नोंदवणं, हा मुलाखतीतला लाडका उपाय. जावामध्ये त्याची गंमत बघा. ३२ बिटांच्या संख्येत शिफ्टचे फक्त खालचे पाच बिट मोजले जातात. मोठ्या ए चा कोड ६५, छोट्या ए चा ९७. बिट ठरवताना अक्षराच्या कोडमधून छोट्या ए चा कोड वजा करतात, म्हणजे मोठ्या ए साठी उणे ३२. पाच बिटांत उणे ३२ म्हणजे शून्य. म्हणजे मोठा ए आणि छोटा ए एकाच बिटावर बसतात, आणि कोड न सांगताच लिपीभेद विसरतो. कुणाला हे वैशिष्ट्य वाटतं. स्पेसचा कोड ३२ असतो, ती कुठल्या बिटावर बसते ते काढून बघा.

६. रेजेक्स असेल तर

सलग दुबारसाठी कंसात डॉट आणि पुढे बॅकस्लॅश एक, हा पॅटर्न सगळ्यांना माहीत असतो. बिघडण्याच्या जागा अशा. पायथॉन किंवा जावाच्या साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश एक म्हणजे कोड एक असलेलं एक अदृश्य कॅरेक्टर. पॅटर्न चालतो, एरर येत नाही, सापडत मात्र काहीच नाही. पायथॉनमध्ये रॉ स्ट्रिंग घ्या, जावामध्ये बॅकस्लॅश दोनदा लिहा.

पायथॉनच्या फाइंडऑलला कंस दिसला की ते पूर्ण जुळणी न देता कंसातलं तेवढंच देतं. 'कक' ऐवजी एकटा क हातात येतो. फाइंडइटर वापरून पूर्ण जुळणी मागा.

एकदा हो, एकदा नाही, हे लक्षण जावास्क्रिप्टचं. ग्लोबल फ्लॅग लावलेला रेजेक्स आपली जागा लास्टइंडेक्समध्ये लक्षात ठेवतो. टेस्ट पुन्हा बोलावली की तो तिथून पुढे शोधतो, सापडत नाही, मग शून्यावर येतो. नुसतं आहे का नाही बघायचं असेल तर ग्लोबल फ्लॅग काढून टाका.

गोच्या प्रमाणित लायब्ररीत आणि रस्टच्या नेहमीच्या रेजेक्स क्रेटमध्ये बॅकरेफरन्स, म्हणजे बॅकस्लॅश एकसारखं आधी जुळलेल्याकडे बोट दाखवणं, नाहीच. तो राहून गेलेला नाही, ठरवून गाळलाय: त्याच्यासकट रेजेक्स जुळवणं हा सर्वसाधारण रूपात एनपी-हार्ड, म्हणजे झटपट सोडवण्याची पद्धत माहीत नसलेला, प्रश्न आहे, आणि या लायब्ररींना वेळेची हमी द्यायची असते. तिथे चार ओळींचा लूप लिहा. खरं सांगायचं तर इतरत्रही मी तोच लिहीन.

७. मोठी-छोटी लिपी

लिपीभेद विसरायचा असेल तर सगळं लोअरकेस करा, पण मोजणीच्या आधी, आणि एकदाच. एवढं इंग्रजीला पुरतं. जर्मन एस्झेट अपरकेस केलं की त्याचे दोन एस होतात, म्हणजे मुळात नसलेलं दुबार अक्षर तुम्हीच तयार करता. तुर्की भाषेतला बिंदूवाला मोठा आय पायथॉनमध्ये लोअरकेस केला तर एकाची दोन कॅरेक्टरं होतात. नावं जगभरची असतील तर लांबी बदलू शकते हे धरूनच चाला.

८. तुमची भाषा 'कॅरेक्टर' कशाला म्हणते?

इथून पुढचं थोडं निवांत वाचा. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक इथल्याच असतात.

'कमळ' घ्या. तीन अक्षरं, एकही दुबार नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक कोड पॉइंट (युनिकोडमधला एक क्रमांक) तीन बाइट घेतं, म्हणजे नऊ बाइट. आणि तिन्ही अक्षरांचे पहिले दोन बाइट अगदी तेच: ई० आणि ए४. गोमध्ये स्ट्रिंगला इंडेक्स लावला किंवा सीमध्ये बाइटवरून फिरलात, तर कोणताही मराठी शब्द दुबार अक्षरांनी भरलेला निघणार. गोमध्ये रेंजनं फिरा, ते रून, म्हणजे अख्खं कोड पॉइंट, देतं.

जावा आणि जावास्क्रिप्टची स्ट्रिंग १६ बिटांच्या तुकड्यांची असते. मराठीला एवढं पुरतं, इमोजीला नाही. एका इमोजीला बहुधा असे दोन तुकडे लागतात. हसरा चेहरा यू+१एफ६००, आणि हसून डोळ्यांत पाणी आलेला यू+१एफ६०२. दोन वेगळी चित्रं, पण दोघांचा पहिला तुकडा एकच: डी८३डी. इंडेक्सनं फिरणारा लूप याला दुबार म्हणतो. जावास्क्रिप्टमध्ये फॉर-ऑफ किंवा स्प्रेड, जावामध्ये कोडपॉइंट्स, एवढा बदल पुरे.

आता कोड पॉइंटवर आलो तरी मराठीचं काम संपत नाही. 'विनिमय' मध्ये सहा कोड पॉइंट: व, वेलांटी, न, वेलांटी, म, य. वेलांटी दुबार. वाचणाऱ्याला मात्र वि, नि, म, य अशी चार वेगळी अक्षरं दिसतात. उलट 'पक्का' बघा: प, क, हलन्त, क, काना. शाळेतलं मूलही सांगेल की क ला क जोडलाय, पण सलग दुबार शोधणारा कोड तो बघत नाही, कारण दोन क च्या मध्ये हलन्त बसलाय.

वाचणाऱ्याच्या नजरेनं तोडायचं तर ग्राफीम क्लस्टर, म्हणजे एक अक्षर म्हणून दिसणारे कोड पॉइंटांचे गट, लागतात. जावास्क्रिप्टमध्ये इंटलचा सेगमेंटर, पायथॉनमध्ये वेगळं बसवायचं रेजेक्स नावाचं मॉड्यूल आणि त्यातला बॅकस्लॅश एक्स. स्विफ्टमध्ये कॅरेक्टर म्हणजे मुळातच ग्राफीम. पण इथे आवृत्ती तपासा. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ नं देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड ठेवण्याचा नियम आणला. त्याआधीचे नियम पाळणारी लायब्ररी 'पक्का' चे प, क्, का असे तीन तुकडे करते. नवी प आणि क्का असे दोन. तुमच्या मशिनवर एक आणि सर्व्हरवर दुसरं उत्तर येत असेल, तर कोडवर वेळ घालवण्याआधी दोन्हीकडची लायब्ररी जुळवा.

आणि 'पक्का' मधला जोड क पकडायचा असेल तर ग्राफीमही उपयोगाचे नाहीत. तेव्हा कोड पॉइंटवर राहून हलन्त, स्वरचिन्हं आणि जॉइनर बाजूला काढून व्यंजनंच तपासा. पहिली तपासणी पहिली का, ते इथे कळतं.

९. सारखे दिसणारे, पण वेगळे

'करणाऱ्या' आणि 'करणार्‍या'. स्क्रीनवर एकच शब्द. पहिल्यात आठ कोड पॉइंट आहेत आणि त्यात र एकदाच येतो, कारण दुसरा ऱ, नुक्ता असलेला, यू+०९३१ आहे. दुसऱ्यात नऊ आहेत: साधा र दोनदा, आणि हलन्तानंतर झिरो विड्थ जॉइनर. कीबोर्ड कोणता वापरला त्यावर हे ठरतं. 'र दुबार आहे का' याचं उत्तर एका शब्दाला नाही आणि दुसऱ्याला हो, आणि डोळे फोडून बघितलं तरी फरक कळत नाही.

अशा वेळी लोक एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे अक्षरं शक्यतो जोडलेल्या एकाच रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत, लावतात आणि काही बदललं नाही म्हणून चक्रावतात. एनएफसीला ऱ जोडलेलाच हवा असतो, आणि जॉइनरला तो हात लावत नाही. एनएफडी, म्हणजे तोडलेलं रूप, लावलं तर ऱ चा र आणि नुक्ता होतो, र ची मोजणी दोन्हीकडे दोन येते. जॉइनर तरीही वेगळा काढावा लागतोच. 'ॲ' हे एकच कॅरेक्टर आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' यांना तर युनिकोड समतुल्य मानतच नाही. कोणतंही नॉर्मलायझेशन त्यांना एक करणार नाही. त्यासाठी स्वतःचा छोटा बदल-तक्ता ठेवावा लागतो.

युरोपीय भाषांत हाच प्रकार ई वर तिरकी रेघ असलेल्या अक्षराचा: कधी एक कोड, कधी साधा ई आणि वर यू+०३०१. तिथे एनएफसी व्यवस्थित काम करतं. तुलना आणि मोजणीआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणा, कोणतं रूप ते कोडमध्ये कॉमेंट म्हणून लिहा, आणि मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा साठवा.

१०. उत्तर बरोबर, पण फार हळू

एक लाख अक्षरांत प्रत्येक जोडी तपासायची म्हणजे सुमारे ५०० कोटी तुलना. लूपमध्ये प्रत्येक अक्षरासाठी काउंट बोलावणं हा त्याचाच सभ्य दिसणारा भाऊ. लूप दिसतो एक, दुसरा काउंटच्या पोटात असतो. एकदा फिरून मॅपमध्ये मोजा. तेही नको असेल तर लूप स्ट्रिंगवर न फिरवता तिच्या सेटवर फिरवा, वेगळी अक्षरं मोजकीच असतात.

नुसतं 'दुबार आहे का' विचारलं असेल तर आधी लांबी बघा. फक्त छोटी इंग्रजी अक्षरं असतील आणि लांबी २६ च्या वर असेल, तर उत्तर हो. स्ट्रिंग वाचायचीही गरज नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वरचं सगळं करूनही प्रश्न सुटला नाही तर आणखी खोदत बसण्यापेक्षा पुढचं बघा.

डेटात प्रश्नचिन्हं दुबार येत असतील, किंवा काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, म्हणजे यू+एफएफएफडी, तर हात काढून घ्या. मूळ अक्षरं वाटेत कुठेतरी हरवली आहेत आणि तुमच्या कोडमधून ती परत येणार नाहीत. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ-८ प्रकार एका अक्षराला तीनच बाइट देतो; इमोजीला चार लागतात. डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा, आणि तोवर त्या टेबलात काही लिहू नका.

तुकडेच्या तुकडे दुबार शोधायचे असतील, लॉगमध्ये किंवा जनुकांच्या क्रमात, तर हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी स्ट्रिंगच्या सगळ्या शेपट्या रचून ठेवणाऱ्या सफिक्स ट्री आणि सफिक्स अ‍ॅरे आहेत. सफिक्स ट्रीची कल्पना पीटर वाइनर यांनी १९७३ साली मांडली. हातानं लिहू नका, तयार लायब्ररी घ्या. मानवी जनुकसंचाच्या आकाराचा, म्हणजे ३०० कोटी अक्षरांच्या आसपासचा डेटा असेल तर त्या क्षेत्रातल्या माणसाशी आधी बोला.

बाहेरून आलेल्या मजकुरावर बॅकरेफरन्सचा रेजेक्स चालणार असेल, किंवा दिसायला सारख्या पण वेगळ्या लिपीतल्या अक्षरांनी बनवलेली खोटी नावं पकडायची असतील, तर सुरक्षेचं काम बघणाऱ्याकडे जा. पहिल्या प्रकारात कुणीही मुद्दाम वाकडी स्ट्रिंग पाठवून सर्व्हर अडकवू शकतं.

आणि पासवर्डमध्ये एकच अक्षर सलग नको, असा नियम लिहायला सांगितला असेल तर कोड लिहिण्याआधीच सुरक्षेचं काम बघणाऱ्या त्याच माणसाला विचारा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ सालच्या ८००-६३बी या दस्तऐवजात सलग अक्षरांवर बंदीसारखे रचनेचे नियम लादू नयेत असंच म्हटलंय. त्याऐवजी नेहमीच्या आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघायला सांगितलंय, आणि नुसता एकच अक्षर सहा वेळा दाबलेला पासवर्ड त्या यादीत येऊ शकतो. तसं ठरलं तर हा कोड लिहायचीच गरज उरत नाही.